रिपोर्टात साखर नाही, मग काळजाला काय झाले?



गेल्या हंगामात आमच्या गटातील एक सभासद खोडव्याची नोंद द्यायला गट ऑफिसला आले आणि बाकावर बसल्या बसल्या घामाघूम झाले. वय ४८. अंगाने सडपातळ, पोट तेवढे थोडे सुटलेले. जीपमधून तालुक्याला नेले. काळजाला रक्त पुरवणारी नळी तुंबली होती. वाचले. त्यांच्या मंडळी आम्हाला म्हणाल्या, "साहेब, दिवाळीत रक्त तपासलं होतं. साखर नव्हती हो!" तेव्हा आम्ही डॉक्टर मंडळींना गाठून विचारून घेतले.

स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते आणि ते रक्तातील साखर स्नायूंत पोचवते. काहींचे स्नायू व यकृत त्याला दाद देईनासे होतात. आपल्याला हे नवे नाही. ज्या रानात दोन पोती युरियावर ऊस डोलायचा, तिथे आता चार पोती ओतली तरी रान दाद देत नाही. डोस वाढवून टनेज राखायचे, आणि आतून जमीन बिघडत जायची! स्वादुपिंडही तसेच डोस वाढवते. म्हणून कित्येक वर्षे रिपोर्टात साखर बरोबर दिसते.

पण जादा इन्सुलिनमुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, रक्तदाब चढतो. यकृत ट्रायग्लिसराइड नावाची चरबी जास्त सोडते, एचडीएल ही चांगली चरबी घटते. रक्तवाहिनीचे आतले अस्तर बिघडते आणि ठिबकच्या नळीत क्षार धरावा तशी त्यात चरबी धरते. स्वादुपिंड थकले की मग साखर वाढलेली दिसते. तोवर नळ्यांचे नुकसान होऊन गेलेले असते.

ही सगळी दुखणी एकाच मुळाची, हे अमेरिकेतील डॉ. रीव्हन यांनी १९८८ साली मांडले. सडपातळ माणसाने गाफील राहू नये, हे मात्र आपल्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांनी आपलीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

तेव्हा नुसत्या साखरेच्या रिपोर्टावर विसंबू नका. रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइडही तपासून घ्या. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर यापुढे नको. राबणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो, म्हणून चालणे हवे. पूर्वी आपण बांधाबांधाने पायी फिरायचो, आता मोटारसायकल थेट सरीपर्यंत जाते. आम्हीही त्यातलेच. चहातली साखर कमी करा, हे साखर कारखान्याच्या अंकात लिहिताना हात अडखळतो, पण लिहितो.

गट ऑफिसात आता मापाचा टेप टांगला आहे. नोंदीला याल तेव्हा चिटबॉयकडून कंबर मोजून घ्या. आमची ९६ भरली. चेअरमनसाहेबांची अजून मोजायची आहे.