वास परत आणणारा सराव

कोविड किंवा साध्या सर्दीनंतरही काहींची वास घेण्याची शक्ती जाते. फोडणी करपलेली कळत नाही, गॅसची गळती कळत नाही. जेवणाची गोडीही जाते. हे दुःख इतरांना दिसत नाही, म्हणून ते क्षुल्लक समजणं मला अन्यायाचं वाटतं.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे डॉक्टर थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी 2009 साली एक सोपा सराव तपासला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, 12 आठवडे. सराव करणाऱ्यांमध्ये न करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. नाकातल्या वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्यानं तयार होतात, हा यामागचा मोठा आधार.

सुगंधी तेलाचे थेंब कापसावर टाकून तो झाकणाच्या बाटलीत ठेवावा. प्रत्येक वास दहा-पंधरा सेकंद, हलके श्वास घेत हुंगावा आणि त्या वेळी तो पूर्वी कसा यायचा ते मन लावून आठवावं. तेल नाकात घालू नये, पिऊ नये. मधेच ओळखीचे वास घाणेरडे वाटू लागतात. पुष्कळदा ते चेता सावरत असल्याचं लक्षण असतं, घाबरून सराव सोडू नये. गुण यायला महिने लागतात आणि तो सर्वांना येतोच असं नाही. वास अचानक, सर्दीविना गेला असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं.