बुरशी मरते, विष उरते

शेंगदाणे खाता खाता एखादा सुरकुतलेला, काळपट दाणा तोंडात येतो आणि सारे तोंड कडू होते. असे दाणे भाजले की खायला हरकत नाही, असे पुष्कळांना वाटते. विद्यार्थी मित्रहो, ही समजूत कितपत खरी आहे, ते पाहू.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. कारण कळेना, म्हणून या रोगाला 'टर्की एक्स रोग' असे नाव पडले. रोगजंतू सापडेनात, तेव्हा पक्ष्यांचे खाद्य तपासण्यात आले. त्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि पेंडीत बुरशीचे धागे होते. 'ॲस्परजिलस फ्लेव्हस' या बुरशीने तयार केलेले विष त्या पेंडीत उतरले होते. बुरशीच्या नावावरूनच त्याला 'अफ्लाटॉक्सिन' म्हणू लागले. टॉक्सिन म्हणजे विष.

आता आपल्या देशातील उदाहरण घ्या. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत कावीळ आणि पोटात पाणी होणे अशा लक्षणांची साथ आली. ३९७ रोग्यांपैकी १०६ जण दगावले. विशेष म्हणजे त्या घरांतील कुत्रीही तशीच आजारी पडली. माणसे आणि कुत्री यांच्यात समान काय होते? अन्न! मका हेच तेथील आदिवासींचे मुख्य अन्न. अवेळी पावसाने तो भिजला आणि बुरसला होता. ज्याच्या घरी दुसरे धान्य नाही, तो बुरसलेला मका टाकून तरी कसा देणार?

त्या मक्यात किलोला सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. आज भारतात अन्नधान्यासाठी कमाल मर्यादा आहे किलोला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा टनांच्या ट्रकभर मक्यात अवघे १५० मिलिग्रॅम! त्या मक्यातील विष या मर्यादेच्या ४०० ते १००० पट होते. मोठ्या मात्रेत हे विष यकृत निकामी करते; थोड्या मात्रेत वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

मग भाजून का भागत नाही? बुरशी सजीव आहे, ती उष्णतेने मरते. विष मात्र निर्जीव रासायनिक पदार्थ आहे. शुद्ध अफ्लाटॉक्सिन बी-१ चे विघटन व्हायला सुमारे २६८ अंश सेल्सियस तापमान लागते. पातेल्यातील पाणी तर १०० अंशांनाच उकळते. भाजल्याने विष काहीसे कमी होते, नाहीसे होत नाही.

म्हणून खरा उपाय चुलीवर नाही, खळ्यावर आहे. बुरशीला वाढण्यासाठी ओलावा लागतो. मक्याच्या दाण्यातील पाणी शेकडा १३ च्या आसपास आणले की तिची वाढ खुंटते. शेंगा लवकर वाळवाव्यात, पोती ओल्या जमिनीवर ठेवू नयेत. फुटके, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे निवडून टाकावेत आणि ते गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नयेत.

शाळेत एक प्रयोग करून पाहा. अर्धा किलो ताज्या शेंगा तोलून उन्हात पसरा आणि रोज संध्याकाळी वजन नोंदवा. वजन घटायचे थांबेपर्यंत किती दिवस लागतात? मध्येच पाऊस आला, तर शेतकऱ्यापुढे काय संकट उभे राहते, हे त्या आकड्यांवरून तुमच्या ध्यानात येईल.