बीडच्या पावसाचा अंदाज काढणारं मॉडेल सर्व्हरवर का अडतं?

बीड जिल्ह्यात जून उजाडला की एकच प्रश्न असतो, पाऊस कधी? अंदाज चुकला तर दुबार पेरणीचा खर्च थेट शेतकऱ्याच्या अंगावर येतो.

२६ मे २०२५ ला ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने ती तयार केली. आधीचं मॉडेल १२ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज द्यायचं, नवं ६ किलोमीटरच्या. बीडचं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. ढोबळ हिशेब केला, तर आधी जिल्ह्याच्या वाट्याला साधारण ७४ चौकटी यायच्या, आता सुमारे ३०० येतात. एवढी आकडेमोड करायला आयआयटीएममध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्का’ सुपरकॉम्प्युटर आहे.

पण नुसतं मशीन तगडं असून भागत नाही.

डिपेंडन्सी म्हणजे काय?

विद्यार्थी आणि संशोधक वापरतात ते ‘डब्ल्यूआरएफ’ हे हवामानाचं मॉडेल घ्या. त्याला फोरट्रानचा कंपायलर लागतो. हजारो कोअरना एकत्र कामाला लावायला ‘एमपीआय’ लागतं. डेटा वाचायला-लिहायला ‘नेटसीडीएफ’ लागतं. नेटसीडीएफच्या नव्या फाइल्स ‘एचडीएफ५’वर उभ्या असतात. या साखळीतली एक कडी निखळली की मॉडेल सुरूच होत नाही.

मग अडतं कुठे?

नेटसीडीएफचे सी आणि फोरट्रान असे दोन वेगळे भाग आहेत. सर्व्हरवर ते बऱ्याचदा वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात, आणि डब्ल्यूआरएफ मात्र दोन्ही एकाच ठिकाणी शोधतं. त्यामुळे लायब्ररी असूनही ‘सापडत नाही’ असा एरर येतो. उपाय सोपा आहे. एक नवं फोल्डर करून त्यात दोन्हींच्या लिंक ठेवायच्या आणि मॉडेलला तोच पत्ता द्यायचा.

दुसरी गडबड कंपायलरची. लायब्ररी इंटेलच्या कंपायलरने बांधलेली आणि मॉडेल जीफोरट्रानने, असं झालं की नट-बोल्ट दोन्ही असतात, पण आटे जुळत नाहीत.

दुरुस्ती कशी करतात?

• एरर पानभर असला तरी पहिला एरर आधी वाचायचा. पुढचे बहुतेक त्याचीच पिल्लं असतात.

• ‘मॉड्यूल लिस्ट’ कमांडने काय लोड आहे ते बघायचं. सरमिसळ दिसली तर ‘मॉड्यूल पर्ज’ करून नव्याने सुरुवात करायची.

• मॉडेल बांधून झालंय, पण चालत नाही? मग ‘एलडीडी’ कमांड वापरायची. प्रोग्रामला कोणत्या लायब्ररी हव्यात आणि त्या कुठे मिळाल्या, ते ती दाखवते. ‘नॉट फाउंड’ लिहिलेली ओळ म्हणजे दोषी.

• लॉगिन करताना लोड केलेलं मॉड्यूल जॉबपर्यंत पोहोचेलच असं नाही. म्हणून त्या ओळी जॉब स्क्रिप्टमध्येच लिहायच्या.

सगळं अपडेट करून टाकलं तर?

सर्व्हर एकट्याचा नसतो. एकाला नवी आवृत्ती हवी असते, तर दुसऱ्याचं काम जुनीवरच चालतं. म्हणून साध्या युजरला ॲडमिनचे अधिकार नसतात आणि एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात. काम मार्गी लागलं, की वापरलेल्या मॉड्यूलची नावं आवृत्तीसकट लिहून ठेवायची. पुढच्या वेळी कंपायलर बदलला, तर शोध तिथूनच सुरू करता येतो.

पावसाचा अंदाज वेळेत आला तरच कामाचा. पेरणी होऊन गेल्यावर मॉडेल चालू झालं, तर त्याचा बीडच्या शेतकऱ्याला उपयोग शून्य.