जुन्या जीपला डिझेल इंजिन
महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये २.२ लिटरचं पेट्रोल हरिकेन इंजिन असे. त्या जागी डिझेल, उदाहरणार्थ महिंद्राचंच २.१ लिटरचं प्यूजो, बसवायचं तर खरी कसोटी गिअरबॉक्सशी जुळणीची. मधल्या अॅडाप्टर प्लेटची भोकं केसभर सरकली तरी क्लच आणि बेअरिंग लवकर जातात. त्यामुळे टर्नर कसबी हवा, इथे पैसे वाचवू नका. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांना बळकटी द्यावी लागते. पंपातून उरलेलं डिझेल टाकीत परत जातं. त्यासाठी वेगळी रिटर्न लाइन हवी. वायरिंग ६ व्होल्टचं असेल तर १२चं करावं, कारण डिझेलच्या स्टार्टरला ताकद जास्त लागते. इंजिन व इंधन आरसीवर नोंदलेलं असल्याने आरटीओची मंजुरी मात्र आधीच घ्या.