माईक शिट्टी का मारतो? प्रॅक्टिस रूमवाल्यांसाठी

आजचा भाग नाशिकच्या बँडवाल्यांसाठी. सिडको असो की गंगापूर रोड, प्रॅक्टिसची जागा म्हणजे दहा बाय बाराची खोली, खाली फरशी, वर स्लॅब. गाणं रंगात येतं आणि माईक 'कुंईईई' करतो.

हे होतं कसं? माईकमध्ये शिरलेला आवाज ॲम्प मोठा करतो, स्पीकर बाहेर टाकतो आणि तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो. दर फेरीला तो वाढत गेला की शिट्टी सुरू. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून याला लार्सन इफेक्ट म्हणतात. म्हणजे माईक बदलायचा नाही, ही फेरी तोडायची.

आधी जागा बघा. शुअर एसएम ५८सारखा कार्डिऑइड माईक बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून स्पीकर गायकाच्या समोर, माईकच्या शेपटीकडे ठेवा. बीटा ५८ए सुपरकार्डिऑइड आहे. त्याला स्पीकर सरळ मागे नको, थोडा बाजूला हवा. आणि जाळी मुठीत धरू नका, माईक चहूकडून ऐकायला लागतो.

आता गायकाच्या पाठीमागची भिंत. माईकचं तोंड तिच्याकडेच असतं, त्यामुळे स्पीकरचा आवाज तिथून आपटून थेट आत येतो. तिथे जाड गोधडी टांगा, खाली सतरंजी टाका. बारीक शिट्टी बरीच कमी होते. खालची 'घूं' गोधडीने जात नाही, त्यासाठी मिक्सरवरचं लो-कट बटण दाबा.

तोंड माईकच्या जवळ आणा. अंतर निम्मं केलं की साधारण ६ डेसिबल फुकटात मिळतात. वापरात नसलेले माईक बंद ठेवा.

एवढं करूनही शिट्टी आली, तरच इक्वलायझरला हात लावा. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप उघडा, जिथे काटा उंच उठतो तेवढीच पट्टी थोडी खाली घ्या. जास्त कापलं तर गायकाचा आवाजच मरतो.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. ड्रमर जोरात, म्हणून गिटार जोरात, म्हणून गायकाचा माईक वर. छोट्या खोलीत हे उलटं करा: आधी शिट्टीशिवाय गायकाचा आवाज जेवढा मिळतो तेवढा लावा, मग बाकीच्यांनी त्याच्या खाली वाजवा. घरी गेल्यावर कानात 'सूं' वाजत असेल, तर आवाज जास्तच होता असं समजा. गिटारची तार तुटली तर नवी मिळते हो, कान नाही मिळत.