बाप्पाचं वाहन आपल्या वाहनात: उंदीर गाडीच्या वायरी का कुरतडतात?

ज्यांना हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' गाळलेत, बाकी गप्पा तशाच आहेत.

आजचा विषय पावसाळ्यात प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये निघतो. सकाळी गाडीला चावी लावली, तर ती सुरूच होत नाही. किंवा सुरू होते, पण डॅशबोर्डवर एकदम चार-पाच दिवे लागतात. चेक इंजिन, एबीएस, स्टिअरिंग, सगळे एकाच वेळी. आपल्याला वाटतं, बॅटरी गेली. मग मेकॅनिक येतो, बॉनेट उघडतो, आणि आत काय? कुरतडलेल्या वायरी, काळ्या लेंड्या आणि कुठूनतरी आणलेला पोळीचा तुकडा. बाप्पाच्या वाहनाने आपल्या वाहनात मुक्काम ठोकलेला असतो.

ऐकायला गंमत वाटते, पण बिल हातात आलं की गंमत संपते. एखाद-दुसरी वायर तुटली असेल, तर ती जोडता येते. पण अख्खा वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा तो जाडजूड जुडगा बदलायची वेळ आली, तर खर्च कुठल्या कुठे जातो. जो हप्त्यावर गाडी घेऊन कॅब चालवतो, त्याची गाडी चार दिवस गॅरेजमध्ये म्हणजे चार दिवस कमाई बंद. हप्ता मात्र चालूच.

या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. उंदराला तुमच्या गाडीत रस नसतो, त्याला कोरडी, अंधारी, सुरक्षित जागा हवी असते. त्यामुळे गाडीत काय फवारायचं हा प्रश्न दुसरा. गाडी रात्री कुठे आणि कशी उभी असते, हा पहिला.

आधी आरोपी ओळखू

आपण सगळ्यांनाच 'उंदीर' म्हणतो, पण आरोपी चार आहेत. एक, घरातला छोटा उंदीर. हा पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे साधारण 6 मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरतो. दोन, काळा घरउंदीर. हा चढण्यात पटाईत. पाइप, केबल, झाडाची फांदी, काहीही चालतं. तीन, घूस. ही बिळं खोदते, आणि गटारं, नाले, कचराकुंडीच्या आसपास राहते. आणि चार, आपली लाडकी खारूताई. ती दिवसाढवळ्या काम करते. झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीत काथ्या, कापूस, चिंध्या सापडल्या, तर संशय तिच्यावरही घ्या.

चिचुंद्रीला मात्र उगाच बदनाम करू नका. दिसायला ती उंदरासारखी असली, तरी ती त्या कुळातली नाही. ती मुख्यतः किडे खाते.

वायरच का?

कारण दात. उंदीर, घूस, खार या सगळ्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. उंदराचा वाढीचा वेग धरला, तर वर्षाला 10 सेंटीमीटरहून जास्त! ते झिजले नाहीत, तर त्याला तोंड मिटता येणार नाही आणि तो उपाशी मरेल. म्हणून कुरतडणं हा त्याचा टाइमपास नाही, ती गरज आहे. दातांच्या पुढच्या बाजूला कठीण एनॅमल असतं आणि मागची बाजू मऊ असते. मागची बाजू लवकर झिजते, त्यामुळे दाताला सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप येत राहते. या एनॅमलपुढे वायरीतलं तांबंही मऊच.

आणखी एक भारी गोष्ट. कुरतडताना उंदीर ओठ पुढच्या दातांच्या मागे आत ओढून घेऊ शकतो. त्यामुळे चुरा घशात जात नाही, बाहेर पडतो. म्हणूनच बॉनेटखाली प्लास्टिकचे बारीक तुकडे पडलेले दिसतात. वायर त्याने खाल्लेली नसते, फक्त सोललेली असते.

तुम्ही एक रील बघितली असेल: 'हल्लीच्या वायरींवर सोयाबीनपासून केलेलं आवरण असतं, म्हणून उंदीर येतात.' अमेरिकेत यावरून कार कंपन्यांवर खटलेसुद्धा झाले. पण थांबा. हे सोया प्रकरण येण्याच्या कितीतरी आधीपासून उंदीर साध्या प्लास्टिकच्या वायरी कुरतडतच होते. टीव्हीची केबल, फ्रिजची वायर, शेतातल्या मोटरपंपाची वायर, त्यांनी काय सोडलंय? तेव्हा फक्त सोयाला दोष देऊन चालणार नाही.

मग पावसाळ्यातच जास्त का? कारण बिळात पाणी शिरतं. घुशी आणि उंदीर कोरडी जागा शोधत वर येतात. तुमची गाडी संध्याकाळी येऊन उभी राहते, तेव्हा इंजिन गरम असतं. बॉनेटखाली वारा नाही, पाऊस नाही, मांजर नाही. शिवाय बॉनेटच्या आतल्या बाजूला मऊ अस्तर असतं, घरटं करायला एकदम तयार गादी. आणि एकदा एकजण राहून गेला, की त्याच्या मुताचा वास दुसऱ्याला सांगतो, 'इथे आपल्यातलं कोणीतरी होतं.' म्हणून एकाच गाडीत पुन्हा पुन्हा उंदीर येतात.

नुकसान फक्त पैशांचं नाही

आवरण गेलेल्या दोन वायरी एकमेकींना किंवा बॉडीला टेकल्या, की शॉर्ट सर्किट. नशीब असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर आग. काही गाड्यांत इंधनाचा पाइप रबरी असतो. तो कुरतडला आणि पेट्रोल गळायला लागलं, तर धोका आणखी वाढतो. चाकाजवळची सेन्सरची वायर तुटली, तर एबीएस बंद पडतं. साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. आणि एसीच्या वाटेत घरटं असेल, तर त्या घाणीवरून आलेली हवा तुम्ही रोज श्वासात घेताय.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी खास सूचना: जाड नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज. तिथे कुरतडल्याची खूण दिसली, तर हात लावू नका, गाडी सुरू करू नका, सर्व्हिस सेंटरला फोन करा.

स्कूटरवाल्यांनो, तुम्हीही सुटलेला नाही. सीटखालची डिकी आणि एअर फिल्टरचा डबा या उंदरांच्या आवडत्या जागा आहेत.

पहिला इलाज: पार्किंग

उंदराला तीन गोष्टी लागतात: खाणं, पाणी आणि लपायला जागा. त्या तोडा.

कचराकुंडी, कबुतरांना दाणे टाकायची जागा, भटक्या कुत्र्यांसाठी ठेवलेलं उरलंसुरलं अन्न, यांच्या शेजारी गाडी लावू नका. उंदीर मोकळ्यावरून जाण्यापेक्षा भिंतीच्या कडेकडेने पळतात. त्यामुळे शक्य असेल तर भिंतीला खेटून गाडी लावणं टाळा. पार्किंगच्या कोपऱ्यात पडलेली जुनी गादी, खोकी, फरशांचे ढीग, बंद पडलेली स्कूटर ही सगळी त्यांची फुकटातली घरं.

हे एकट्याने होत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. तुम्ही गाडीवर हजारो रुपयांचे उपाय केलेत आणि ओला कचरा रात्रभर उघडाच राहिला, तर उपयोग शून्य. म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा मांडा. नुसतं 'उंदीर फार झालेत हो काका' म्हणू नका, नेमकं मागा: कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणं, ड्रेनेजच्या चेंबरची फुटलेली झाकणं बदलणं, पाइप भिंतीत शिरतात तिथल्या फटी सिमेंटने बुजवणं, बिळं बंद करणं आणि पार्किंगमधलं भंगार हलवणं. महापालिकेच्या कीटकनाशक किंवा आरोग्य विभागाकडे लेखी तक्रारही करता येते.

दुसरा इलाज: गाडी

गाडीत खाऊ नका असं मी म्हणणार नाही, कारण मीसुद्धा वडापाव गाडीतच खातो. पण चिप्सचं पाकीट, बिस्किटांचा चुरा, किराण्याची पिशवी रात्री गाडीत राहू देऊ नका.

गाडी हलवत राहा. आठ-आठ दिवस एकाच जागी उभी असलेली गाडी उंदराच्या दृष्टीने रिकामा फ्लॅट. गावाला जाणार असाल, तर दोन-तीन दिवसांनी कुणालातरी चक्कर मारायला सांगा.

आठवड्यातून एकदा बॉनेट उघडा आणि मोबाइलचा टॉर्च मारा. लेंड्या, चुरा, कापूस, पानं दिसतात का बघा. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, तोही तपासा. पावसाळ्यात रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. आत मांजराचं पिल्लू झोपलं असेल, तर त्याचाही जीव वाचेल.

हवा आत घेण्याच्या तोंडावर स्टीलची बारीक जाळी बसवून घ्या. भोकं 6 मिलिमीटरपेक्षा लहान हवीत. पण हे काम मेकॅनिककडूनच. रेडिएटरची हवा अडली किंवा जाळी पंख्यात गेली, तर रोगापेक्षा इलाज भयंकर. वायरींवर गुंडाळायची एक खास टेपही मिळते. तिच्यात कॅप्सायसिन असतं, म्हणजे मिरची तिखट करणारं द्रव्य. होंडा कंपनीने अशी टेप विकायला आणल्यावर ती प्रसिद्ध झाली. दुरुस्ती झालेल्या वायरींवर ती गुंडाळणं शहाणपणाचं.

आणि ते व्हायरल उपाय?

तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या, पुदिन्याच्या तेलाचा स्प्रे. उग्र वासाने उंदीर काही दिवस बिचकेलही, पण वास उडतो आणि उंदीर सरावतो. स्प्रे वापरायचा तर पुन्हा पुन्हा मारावा लागतो. डांबरगोळ्या केबिनमध्ये अजिबात ठेवू नका, त्यांची वाफ आपल्यालाच त्रास देते. कागदाची किंवा कापडाची पुडी गरम सायलेन्सरच्या पाइपजवळ ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आवाजाने उंदीर पळवणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं? 2001 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या 60 हून जास्त कंपन्यांना बजावलं होतं, की तुमच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. हा आवाज अडथळ्यापलीकडे नीट पोचत नाही, आणि बॉनेटखाली तर अडथळेच अडथळे. जाहिरातीखालचे पाच-पाच स्टार म्हणजे उंदराला मांजर साक्ष.

विष? गाडीत नकोच. उंदीर डॅशबोर्डच्या आत कुठेतरी मरेल, आणि मग त्या वासाने तुम्हीच गाडीबाहेर पडाल. विष खाल्लेला उंदीर मांजर किंवा घुबडाने खाल्ला, तर त्यांचाही बळी जातो. त्यापेक्षा भिंतीच्या कडेला पिंजरा किंवा चाप लावा. मोठे उंदीर नव्या वस्तूला काही दिवस घाबरतात, त्यामुळे पहिल्या रात्री काही सापडलं नाही म्हणून सापळा उचलू नका. खार मात्र मारायची नाही. तिच्यासाठी झाडाखालची जागा बदलणं पुरे.

कुरतडलंच तर?

पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. फोटो काढा, मग मेकॅनिकला किंवा टोइंगला फोन करा. साफसफाई करताना हातमोजे आणि मास्क घाला. कोरड्या लेंड्या झाडू नका, हवेच्या प्रेशरने उडवू नका. जंतुनाशकाने ओल्या केलेल्या कापडाने पुसून घ्या. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि हातावरची छोटीशी जखमही त्याला पुरते. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने त्याची साथ बघितली आहे. सफाईनंतर काही दिवसांनी ताप आला, तर डॉक्टरांना उंदराचा विषय आवर्जून सांगा. आणि सफाई नीटच करा, कारण वास राहिला तर पुढचा भाडेकरू येणारच.

आता विमा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर स्वतःच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत उंदरांच्या नुकसानीबद्दल प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या असू शकतात, आणि 'इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन' सहसा वगळलेला असतो. म्हणून दुरुस्ती सुरू करण्याआधी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरला गाडी आहे तशी बघू द्या. क्लेम केल्यावर नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत असतो. छोट्या वायरीसाठी तो घालवायचा का, हा हिशोब आधी करा.

तर आजचा गृहपाठ सोपा आहे. रात्री जेवण झाल्यावर खाली जा, बॉनेट उघडा, टॉर्च मारा. मग गाडीभोवती एक फेरी मारून बघा, सगळ्यात जवळचा उघडा कचरा किती पावलांवर आहे. त्याचा फोटो काढा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा तो नक्कीच जास्त कामाचा ठरेल.

भेटू पुढच्या भागात. गाडी सांभाळा, स्वतःला सांभाळा!