शेकरू : काही नेहमीचे प्रश्न

अंगणातील खार आणि शेकरू एकच का? नव्हे. पाठीवर पट्टे असलेली खार लहान असते व जमिनीवरही वावरते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेले शेकरू शेपटीसह सुमारे ३ फूट लांब असून सहसा झाडावरून उतरत नाही. फांदीवरून फांदीवर सुमारे २० फुटांची झेप घेते.

त्याचे शत्रू कोण? बिबट्या आणि गरुड. चाहूल लागताच ते खोडाला चिकटून निश्चल राहते. परंतु झाडे तुटून फांद्यांची सलगता खंडित झाली, की त्यास जमिनीवर उतरावे लागते. तेथे ही युक्ती निष्फळ ठरते. १९८५ साली घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य त्याच्याच रक्षणासाठी आहे.

शिकारी प्राणी हा निसर्गक्रम होय. तुटलेले झाड ही मात्र मानवाची करणी. प्राणिमात्रांविषयीची करुणा वृक्ष राखण्यापासूनच सुरू होते.